पुंडलिक परबचा खर्ज

फहाहीलमधल्या एका शाळेच्या सभागृहातला एसी फार गुरगुरतो, अशी तक्रार आली म्हणून कंपनीने पुंडलिक परबला पाठवलं. पन्नाशी उलटलेला हा कुडाळकडचा मेकॅनिक एकोणीस वर्षं कुवेतमध्ये एसी दुरुस्त करत होता. तो शिडीवर चढला तेव्हा खाली पंचवीसेक माणसं हातात कागद धरून गात होती.

त्याने स्क्रू आवळले, यंत्र बंद केलं. तरी गुरगुर थांबेना. गाणं बसवणाऱ्या लैलाबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग कळलं. पुंडलिक शिडीवर डोळे मिटून गुणगुणत होता.

सगळ्यांच्या माना वर वळल्या. तो ओशाळला.

लैलाबाई मूळच्या लेबनॉनच्या, शाळेत संगीत शिकवायच्या. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "नीचे आओ. मशीन नहीं, तुम चाहिए."

गाणाऱ्यांत सलील नावाचा पुण्याचा इंजिनिअर होता. त्याने नीट उलगडून सांगितलं. "काका, आमच्याकडे खर्जात गाणारा माणूसच नाही. मे महिन्यात कार्यक्रम आहे. युरोपातलं हजार वर्षांचं गाणं, जुन्यापासून आजपर्यंत, ओळीने गायचंय. याल?"

"माका त्यातला काय कळता, साहेब? मी आपलो गावच्या भजनात मागे बसान झील धरणारो."

"मग अजून काय लागतं?"

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी पुंडलिक अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जाऊ लागला. शब्द देवनागरीत लिहून घ्यायचा.

पहिलं गाणं जुन्या मठातल्या साधूंचं. सगळ्यांचा सूर एकच, साथीला ना पेटी ना पखवाज. पुंडलिकला ते परकं वाटलंच नाही. पुढच्या गाण्यात मात्र दोन वाटा फुटल्या. वरचे आवाज नदीसारखे वळणं घेत गेले आणि तळाशी एकच सूर थांबून राहिला. तो पुंडलिकचा.

गोची झाली ती पाचशे वर्षांपूर्वीच्या, रेनेसाँ काळातल्या गाण्यात. चार आवाज, चौघांच्या चाली वेगळ्या. गावाकडे वीस माणसं एकाच चालीत गातात, त्यामुळे पुंडलिक जो आवाज मोठा त्याच्यामागे निघायचा आणि थेट बायकांच्या ओळीत पोचायचा. लैलाबाई कपाळाला हात लावायच्या.

"काका, ऐकायचं सगळ्यांचं, पण जायचं आपल्याच वाटेने," सलील म्हणाला.

तीन गुरुवार तो कानात बोट घालून गायला. चौथ्या गुरुवारी बोट काढलं. भरतीच्या खाडीत छातीभर पाण्यात उभं राहावं, चारी बाजूंनी पाणी यावं आणि पाय मात्र वाळूवर घट्ट असावेत, तसं त्याला झालं. गाणं संपल्यावरही तो जागचा हलला नाही.

मग त्याच्या पुढच्या, बरोक काळातलं गाणं आलं. त्यात त्याच्या खर्जालाच जिने चढायला-उतरायला लावले होते. क्लासिकल काळातलं गाणं सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ. रोमँटिक काळातलं विरहाचं होतं. ते गाताना त्याला गावाकडची बायको, विशाखा आठवायची, नि आवाज आपसूक भरून यायचा. शेवटचं आजच्या काळातलं. त्यात दोन सूर एकमेकांना घासत होते.

"चुकतत काय ते?" त्याने विचारलं.

"नाही, मुद्दाम तसं लिहिलंय," सलील म्हणाला.

पुंडलिक हसला. गच्चीवर शेजारी शेजारी चालणारे दोन कॉम्प्रेसर असेच घुमतात, हे त्याने किती वर्षं ऐकलं होतं. त्याचं कुणी गाणं करील असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

एप्रिलअखेर कंपनीने त्याला तीन आठवडे खैरानला धाडलं. उन्हाळ्याआधी तिथल्या समुद्रकाठच्या बंगल्यांचे एसी करायचे होते. तालमी बुडाल्या. संध्याकाळी तो वाळूत उभा राहून आपली ओळ म्हणायचा. चार सूर, मग नुसती शांतता, मग पुन्हा दोन.

रत्नागिरीकडचा फोरमन झहूर एकदा जवळ आला. "पुंडलिक, ह्या कसला गाना? चालूच होत नाय."

"वरचा सगळा फहाहीलाक ऱ्हवला, झहूरभाई."

झहूर हसला, पण निघून गेला नाही. तिथेच बसून राहिला. समोर पाणी जांभळं होत गेलं आणि पुंडलिकच्या कानात हळूहळू बाकीचे आवाज उतरू लागले. आधी बायकांचे, मग सलीलचा.

कार्यक्रमाच्या दिवशी काम आटपेना. पाच वाजता झहूरने स्वतः पिकअप काढली. "बस. कपडे गाडीत बदल."

पुंडलिक पोचला तेव्हा सगळे रंगमंचावर उभे राहिले होते. लैलाबाईंनी मागच्या रांगेला हाताने खूण केली आणि रांग त्याच्यापुरती सरकली.

हजार वर्षं सव्वा तासात गेली. मठ गेले, राजवाडे गेले, विरहाची गाणी आली आणि गेली. पुंडलिकला वाटलं, आपण एका जागी उभे आहोत आणि माणसं डोक्यावरून पाखरांसारखी उडत चालली आहेत. टाळ्या सुरू झाल्यावर सलीलने दंड धरला, तेव्हा तो भानावर आला. शेवटच्या रांगेत झहूर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

शुक्रवारी सकाळी गावाहून विशाखाचा फोन आला. रेकॉर्डिंग मुलीच्या मोबाइलवर पोचलं होतं.

"दोनदा ऐकलंय. तुमचो आवाज खंय आसा? माका बायकांचेच ऐकाक येतत."

"ता चालू कर, आनी ह्यो फोन कानाक धर."

तिकडे गाणं सुरू झालं. इकडे खोलीतल्या खाटेवर बसून पुंडलिकने त्याखाली आपला सूर लावला. फोनमुळे तो जरासा मागे पडत होता. एक ओळ गेली, दुसरी गेली. विशाखा काहीच बोलेना, म्हणून तो थांबला.

"थांबलात कित्याक?" ती म्हणाली. "आताच गावलो."