गयाबाई प्रवासी नव्हेत

म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये, आमच्या बिल्डिंगमध्ये अगदी माझ्या डोक्यावर गयाबाई राहतात. वय एकसष्ट. परभणी डेपोत वीस वर्षं एसटीच्या कंडक्टर होत्या. आता मुलगा यशपाल, सून क्षमा आणि पाच वर्षांची नात उर्जा यांच्याबरोबर इथं असतात. रविवारी इथं रूहेत्साइट, म्हणजे मुंगीनंही दबकून चालायचं. गयाबाई नेमक्या त्याच दिवशी ठेचा कुटतात. शेजारच्या जर्मन आजोबांनी दारावर तक्रारीची चिठ्ठी लावली, तर बाईंनी त्यांच्या दारात वाटीभर ठेचा ठेवला. नंतर चिठ्ठी आली नाही. दोन दिवस आजोबाही दिसले नाहीत.

शाळा सुरू झाली की इथं मुलांना एक दिवसाची दांडी चालत नाही. म्हणून उर्जाच्या शाळेआधीच वर्षभराची सुटी काढायची आणि शिडाच्या बोटीनं अटलांटिक पार करून यायचं, असं यशपालच्या मनानं घेतलं. आईला नेणार नव्हता. "तुला पोहता कुठं येतं?" बाई दुसऱ्याच दिवशी हालेनबाडात, इथल्या बंदिस्त पोहण्याच्या तलावात, हजर! चिमुरड्यांच्या रांगेत उभ्या राहून तीन महिन्यांत त्यांनी पोरांना मिळतो तो पोहण्याचा बिल्ला मिळवला.

मी चिडवलं, "काकू, आता लॉलीपॉपही मागा."

"मागितला. दिला की त्यांनी."

मग काय, न्यावंच लागलं.

तर परवा दुपारी तीनला मी श्पार्गेलचे, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचे, पांढरे कोंब सोलत बसले होते, आणि यशपालचा व्हिडिओ कॉल आला. बोट कॅरिबियनमधल्या एका चिमुकल्या बेटाच्या बंदरात लागली होती. तिथं सकाळचे नऊ.

"अरुंधतीताई, आईला जरा समजवा. परतीचा टप्पा तीन आठवड्यांचा आहे, जातानापेक्षा वाईट. मी तिचं इथून विमानाचं तिकीट काढलंय. गुरुवारी म्युनिकला घ्यायला जाल?"

"आल्झो, म्हणजे, मी जाईन रे. पण काकू बसतील का विमानात?"

त्यानं फोन आईच्या हातात दिला आणि तिथंच फसला. सगळे बंदराच्या ऑफिसात उभे होते, आणि आता मला तिथलं सगळं दिसत होतं.

"जय भीम, अरुंधती. बघ, काय लिहिलंय यानं." बाईंनी एक कागद कॅमेऱ्यापुढं धरला. बोटीवर कोण कोण आहे त्याची ती यादी. यशपाल कॅप्टन, क्षमा क्रू, आणि गयाबाईंच्या नावापुढं 'पॅसेंजर'.

"आई, पॅसेंजरला इथं उतरता येतं. क्रू लिहिलं तर बोटीबरोबरच निघावं लागेल."

"मग क्रू लिही."

मी समजवायला हवं होतं ना? मी उलटच म्हटलं, "काकू, त्याला सही करू देऊ नका हं."

"ताई!" यशपाल ओरडला.

"वीस वर्षं गाडीत उभी राहिले मी," गयाबाई म्हणाल्या, "कुणाची छाती झाली नाही मला पॅसेंजर म्हणायची. आणि तू, पोटचा, तू लिहितोस?" मग काउंटरमागच्या धिप्पाड बाईंकडं वळून त्यांनी ठणकावलं, "नो पॅसेंजर. मी वर्किंग!"

त्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि यशपालला इंग्रजीत विचारलं, "कॅप्टन, या बाई बोटीवर काय काम करतात?"

सुनेनं तोंड उघडलं. "अहो, सांगा ना. पहाटे चार ते आठ पहारा कुणाचा असतो?"

"क्षमा, तू पण?"

"त्या रात्री आपल्या वाटेत आलेल्या मालवाहू जहाजाचा दिवा आधी कुणाला दिसला? तुम्हाला? तुम्ही घोरत होता."

उर्जानं कमरेवर हात ठेवून जर्मनमध्ये जाहीर केलं, "ओमा पास्ट आउफ, पापा श्लेफ्ट." आजी लक्ष ठेवते, बाबा झोपतो. मी इकडं हसून हसून श्पार्गेलची साल भांड्यात आणि श्पार्गेल कचऱ्यात टाकले.

"मला तुझी काळजी वाटते गं," यशपाल हळूच म्हणाला.

"वाटू दे. मला तुझी वाटत नाही होय? म्हणून मी तुला विमानात बसवते का?"

त्यानं कागद पुढं ओढला. मग 'पॅसेंजर' खोडलं, 'क्रू' लिहिलं आणि बाजूला कॅप्टन म्हणून सही केली. काउंटरमागच्या बाईंनी धाडकन शिक्का मारला.

गयाबाईंनी कागद पुन्हा मागून घेतला, बोट ठेवून नीट वाचला आणि मगच परत दिला.

"काय कॅप्टन," त्या म्हणाल्या, "पाण्याच्या टाक्या भरायच्यात ना? मग इथं काय उभा राहिलास?"