पाऊण तासाची शिट्टी

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात अंधेरीच्या तलावावर ती रोज आमच्याच बॅचला यायची. अमेरिकेतल्या एका कॉलेजने पोहण्यासाठी स्कॉलरशिप देऊन नेलेली, सुट्टीपुरती घरी आलेली. तिचं नाव मी विचारलं नाही. जिच्यावर जळायचं तिचं नाव कशाला हवं?

दर दोन फेऱ्यांनंतर ती मानेवर दोन बोटं ठेवायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडीचे ठोके मोजायची. घरी आरशासमोर मीही तसं करून बघितलं.

आमची बॅच पाऊण तासाची. तलावावरच्या काकांनी शिट्टी मारली की सगळ्यांनी बाहेर यायचं, कारण पुढची बॅच गेटवर उभी. मी राज्य स्पर्धेची तयारी करत होते, तरी मला पाच मिनिटं जास्त मिळत नसत. ती तिकडे सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास पोहायची म्हणे. आणि इथे शिट्टी वाजली की हीच सगळ्यांच्या आधी बाहेर.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "तू थांब ना. काका तुला काही बोलणार नाहीत."

"नको गं," ती टॉवेल गुंडाळत म्हणाली. "तिकडे कुणी बाहेर ये म्हणतच नाही. मला ही शिट्टी फार आवडते."

मला तिची कीव यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी शिट्टीनंतर मी मुद्दाम आणखी दोन फेऱ्या मारल्या. काकांनी आठवडाभरासाठी माझा पास काढून घेतला.

तो आठवडा मी गेटबाहेर उभी राहून रोज ती शिट्टी ऐकली. मला ती एकदाही आवडली नाही.