फौजीच्या घरचा नारळ

हेमंत गोजर सतरा वर्षं फौजेत काढून म्हसा गावापलीकडच्या आपल्या पाड्यावर परतला, तेव्हा लोकांना वाटलं, हा आता ओटीवर बसून पेन्शन खाईल. पण स्वस्थ बसणं या माणसाच्या रक्तातच नव्हतं. पट कमी म्हणून पाड्यावरची शाळा बंद झाली आणि त्याची लेक रंजिता, तिच्याबरोबरची सगळी पोरं, पावसाळाभर घरी बसली. हेमंतने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. काही होईना तेव्हा पदरमोड करून जुनी जीप घेतली आणि पाड्याची पोरं स्वतःच लांबच्या शाळेत पोचवू लागला. कुणाकडून दमडी घेतली नाही.

साहेब ऐकत नाहीत तर आपणच वर जाऊ, म्हणून तो विधानसभेला अपक्ष उभा राहिला. पाडा खूश. "फौजी आमचा, मत बी त्यालाच," असं जो तो छाती ठोकून सांगायचा.

चुकलं ते पुढे. इथे पेरणी असो की लग्न, पहिला नारळ गावदेवीचा. हेमंत म्हणाला, "देवीला राजकारणात नाय ओढायची. लोकांनी आपल्या मनानं मत द्यावं." बोलणं लाखमोलाचं, पण ऐकायला कोण होतं? तो आणि बायको ललिता दूरच्या गावांत प्रचाराला गेले, आणि इकडे समोरचा उमेदवार, एक खाणवाला शेठ, देवळावर नवे पत्रे टाकून नारळासकट हजर झाला. देवीचा पुजारी मंगळ्या म्हणाला, घरटी मूठभर तांदूळ देवीपुढे ठेवा, मत शेठला द्यायचा शब्द द्या. शेठ जिंकला तर घरटी एक नारळ देवीपुढे फोडायचा. शेठला देवी पाच वर्षांतून एकदाच आठवते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी तांदूळ पडले. हेमंत परतल्यावर त्याच्यापुढे कुणी याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मतमोजणीला त्याने आपल्या बूथचा आकडा ऐकला. दोन. एक त्याचं, एक ललिताचं. शेठ निवडून आला होता.

घरी आई, बाईजा, चुलीपुढे भाकऱ्या थापत होती.

"आये, तू बी?"

"आपल्या घरचं तांदूळ मीच ठेवलं रे."

"मी तुझा पोरगा ना गो?"

म्हातारीने तवा खाली उतरवला. "तू लढाईच्या मुलखात होतास तवा तिलाच साकडं घातलं. तिनं तुला जित्ता धाडला. तिला दिलेला शब्द मोडू काय?"

आपलेच दात, आपलेच ओठ. आईवर धड रागावताही येत नव्हतं, याचाच हेमंतला संताप आला.

"आता ऊठ," बाईजा म्हणाली. "नारळ फोडायचाय. बाईमाणसानं नाय चालत, घरच्या पुरुषानंच फोडायचा. चुकलं तर देवी कोपेल. घरात पोरगी हाय."

देवळापुढे पाडा जमला होता. कुणी त्याच्या नजरेला नजर देईना, पण वाट मात्र सगळ्यांनी करून दिली. हेमंतने नारळ फोडला. रीतीप्रमाणे मंगळ्याने त्याला जिंकलेल्याचं नाव मोठ्याने घ्यायला सांगितलं.

हेमंतने शेठचं नाव घेतलं. मंगळ्या म्हणाला, "मागच्यांना ऐकू नाय आलं." मग त्याने ते पुन्हा घेतलं.