वैद्याची खूण

गॅरेजात त्याला सगळे वैद्य म्हणत. पेट्रोलच्या जमान्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो दुखणं सांगायचा. एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाला होता, गाडी ठणठणीत आहे, खोकला तुम्हालाच आहे, दाखवून घ्या.

पुढं विजेच्या गाड्या आल्या. मुक्या जनावराची नाडी कुठं धरायची? तरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात नोकरी लागली, अंगावर निळा गणवेश चढला. आणि थोरल्या बहिणीनं, ताईनं, त्याच्या शब्दावर त्याच कंपनीची गाडी घेतली. भावोजींना डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात न्यायचं असे. धक्का नाही, आवाज नाही, असं यानंच सांगितलं होतं.

आठव्या महिन्यात गाडी पुलावर बंद पडली. मागच्या सीटवर भावोजी, त्यांच्यामागं हॉर्नचा कल्ला. छोट्या बॅटरीला वीज पुरवणारा एक डबा असतो, त्यानं मान टाकली होती. कंपनी म्हणाली, सॉफ्टवेअर बदला. बदललं. महिन्यात पुन्हा तेच. मग डबा बदलून मिळाला. काढलेल्या डब्यावर वैद्यानं कानशीनं दोन रेघा ओढल्या आणि एक टिंब काढलं. उस्तादाची शिकवण होती ती: काढलेल्या मालावर खूण करायची, नाहीतर भंगारवाला पॉलिश लावून तोच पुन्हा गळ्यात मारतो. एवढ्या मोठ्या कंपनीत त्याची गरज नव्हती, पण हाताला सवय.

बदललेला डबाही गेला. त्यावर वरून पत्र आलं, चालवणाऱ्याची चार्जिंगची सवय तपासावी. ताई म्हणाली, आजारी माणूस सांभाळते मी, एक वायर लावता येईना होय?

वैद्यानं महिनाभर भांडून आणखी एक नवा डबा मागवला. खोकं फोडलं. चकचकीत डबा, वर नवं लेबल. लेबलाच्या कडेखालून दोन रेघा आणि एक टिंब डोकावत होतं.

डबा घेऊन तो साहेबांकडं गेला. साहेब स्वतः पेट्रोलच्या गाडीनं यायचे.

"दुरुस्त केलेला तो नवाच धरायचा," साहेब म्हणाले.

"काय दुरुस्त केलं?"

"ते मलाही कळवत नाहीत, वैद्यबुवा. या महिन्यात आपल्याकडंच एकोणीस गेले. दुसरा नाही. बसवा."

वैद्यानं बसवला. न बसवून करणार काय? उद्या सकाळी भावोजींची डायलिसिसची पाळी होती.

संध्याकाळी ताई किल्ली घ्यायला आली. तिनं एकच विचारलं, "आता बंद पडणार नाही ना?"

वैद्य फडक्यानं हात पुसत राहिला. हात कधीचे स्वच्छ झाले होते.

"कंपनी म्हणते, नाही पडणार."

"आणि तू?"

वैद्यानं किल्ली पुढं केली. ताईनं किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

"पुलाच्या अलीकडं उभा राहा मग उद्या," ती म्हणाली. "सातला."