मामाची काहील
कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लाकडाला तेल चोळायला लागले की मला धरणाकाठचा तो बंगला आठवतो. सुट्टीत मी एका आर्किटेक्टकडे काम शिकत होते आणि त्या बंगल्याच्या, पाण्यात जाणाऱ्या लाकडी धक्क्याचा नकाशा त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतला होता. पलीकडच्या वस्तीवरची पोरं माझा मामा गूळ शिजवायच्या जुन्या काहिलीत बसवून, वल्हवत शाळेसाठी अलीकडे आणायचा. मीही तशीच शिकले. पाण्याकाठी बांधलेलं ते सगळ्यांचं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून मी बंगल्यावर कामाला असताना एका सकाळी मामाने चिखलात न थांबता काहील धक्क्यालाच बांधली, पोरं उतरवली आणि बंगल्याच्या मालकांना म्हणाला, "ह्याचा नकाशा माझ्या भाचीनं काढलाय, साहेब. लई झ्याक झालाय." मालक गोड हसले. "मग चहा घेऊनच जा." मामा बशीत चहा ओतत होता, तेवढ्यात ड्रिलचा आवाज आला. मालकांच्या माणसांनी काहील वर ओढून तिच्या बुडाला भोकं पाडली होती आणि एकजण आत माती टाकत होता. "बोगनवेल लावू. पाणी निथळायला भोकं लागतात ना?" मालकांनी मलाच विचारलं. "डिझायनर तुम्ही." "पोरं माघारी कशी जात्याल, साहेब?" मामाने हळूच विचारलं. "पोहायला शिकव की त्यांना." सगळे हसले. आता त्या धक्क्याचा फोटो एका मासिकात छापून आलाय, मधोमध फुललेली काहील. भाचीचं काम म्हणून मामा तो मोबाईलवर सगळ्यांना दाखवतो. वस्तीवरून शाळेला मात्र आता कुणी येत नाही.