आपटबाई आधी पडायला शिकवते

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला आमच्या गल्लीत आपटबाई म्हणतात. तिला ते नाव आवडतं, त्यामुळे मी काही बोलत नाही. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि संध्याकाळी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या लांबट खोलीत मुलींना ज्युदो शिकवते. खालून पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येत असतो. जमिनीवर रबरी गाद्या, आणि भिंतीलगतच्या पाइपाला जुन्या रजया गुंडाळलेल्या, कुणाचं डोकं आपटू नये म्हणून. दाराशी एक डबा असतो. अंगठ्या, कानातली, केसांच्या पिना सगळं त्यात टाकूनच आत यायचं. नखं वाढलेली दिसली की नेलकटर हातात. मी नुसती बाकावर बसायला गेले होते, तर माझीही नखं तपासली.

सुरुवातीला कितीतरी दिवस ती फक्त पडायला शिकवते. हनुवटी छातीला, हात गादीवर सपाट, श्वास बाहेर. एका आईने तोंडावर विचारलं, "आमची घरी पलंगावरून फुकट पडते, इथे कशाला पाठवू?" भाची म्हणाली, पलंगावरून पडताना तिचं डोकं आधी आपटतं की हात, ते एकदा बघा. पुढच्या आठवड्यात ती आई धाकटीलाही घेऊन आली.

दुसरा नियम टॅपचा. कुणी हात पिरगळून धरला आणि ताण लागायला लागला, की मोकळ्या हाताने गादीवर किंवा जोडीदाराच्या अंगावर थापटायचं. धरणारीने तत्क्षणी सोडायचं. इतकं सोपं. तरी घोळ झालाच.

वायरमनची मुलगी वर्गात सगळ्यांत तरबेज. सरावात जोडीदारणीने तिचा हात कोपरात सरळ ताणला. हिने ओठ चावला, पण टॅप केला नाही. जोडीदारणीला वाटलं, अजून लागत नसेल. तिने आणखी ताणलं. भाची पलीकडच्या जोडीपाशी होती. तिने ओरडून थांबवेपर्यंत कोपरातून आवाज आला होता.

हाड शाबूत होतं, पण आतले बंध फाटले. हात झोळीत, काही महिने विश्रांती. वायरमन वर आला आणि भांडलाही नाही. विश्वासाने पाठवली होती, एवढंच बोलून जिना उतरला. भांडला असता तर बरं झालं असतं. भाचीने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली सायकलवाल्याला परत करायला माझ्याकडे दिली. मी ती कपाटात टाकली. खोल्या अशा रडत सोडायच्या नसतात. तिला म्हटलं, रडून झालं असेल तर त्या पोरीला एकदा विचार तरी, टॅप का केला नाहीस म्हणून. एकटीने गेली नसती, म्हणून मीही गेले.

मुलगी खिडकीशी बसली होती. बाप पलीकडे वायरचं वेटोळं उलगडत होता, आमच्याकडे न बघता.

"टॅप म्हणजे हरणंच ना, ताई?"

"असं कोण म्हणालं? रोज घसा फोडून सांगते मी, टॅप करा म्हणून."

"सांगता हो. पण तुम्ही कधी केलाय? आम्ही कुणी बघितलेला नाही."

खरं होतं ते. पकडी ती दुसऱ्यांवर करून दाखवायची. तिला कुणी धरलेलं या मुलींनी पाहिलंच नव्हतं. शिकवताना नेमकं हेच राहून गेलं होतं. वायरमनचे हात थांबले होते.

घरी परतल्यावर तिने किल्ली मागितली. मीही लगेच दिली, भाषण न देता.

आता वर्ग असा सुरू होतो. सगळ्यांत नवी, सगळ्यांत लहान मुलगी ताईचा हात धरते, आणि ताई सगळ्यांदेखत खणखणीत टॅप करते. पहिल्या दिवशी ती चिमुरडी हिरमुसली, ताई खोटं खोटं करतात म्हणून. भाची म्हणाली, "खोटं कसलं? आणखी ओढलंस तर उद्या काचा कोण घासणार?" आणि नवा नियम झाला: हात सरळ झाला की थांबायचं, समोरची टॅप करो वा न करो, आपण सोडायचं.

त्या पहिल्या दिवशी वायरमनला तिने मुद्दाम बोलावलं होतं. तो बूट काढून दाराशी उभा राहिला, शेवटपर्यंत. मग म्हणाला, मुलीचं डॉक्टर सांगतील तेव्हा बघू. आणि जिन्यापाशी जाऊन परत फिरला. "हे पडायचं मोठ्यांना शिकवता का? दिवसभर शिडीवर असतो मी."

रविवारी सकाळी येतो. पोत्यासारखा पडतो, पण हनुवटी छातीला लावतो.

मुलगीही आली, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. पहिल्या दिवशी जोडीदारणीने मनगटाला नुसता हात लावला, तर हिचा टॅप तयार.

"अगं, धरू तरी दे तिला," भाची म्हणाली.

"राहू दे ना ताई, सवय करतेय," मुलगी म्हणाली, आणि जोडीदारणीबरोबर हसत पुन्हा जागेवर आली.