केळीच्या चेंबरमधलं माझं मॉड्यूल

लातूरहून अर्धापूरला पोचायला मला दुपार झाली. केळी पिकवायच्या चारही चेंबरचे पंखे सकाळपासून बंद होते. आतला माल उकडून काळा पडला होता. मालक ऑपरेटर सुनंदा कांबळेंवर ओरडत होते.

"मशीनची वायर कामून ओढली?"

"मशीन आधीच अडकलं होतं साहेब. सरच फोनवर म्हणले, वायर काढून परत लावा."

मालक माझ्याकडं वळले. "हाव का सर?"

"आधी लॉग बघतो," मी म्हणालो. लॉग म्हणजे मशीननं स्वतः लिहिलेली नोंद.

पंखे, गॅस, थंडी, सगळं त्या एका मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, चालायचं. त्यात तापमान वाचणारा कोड माझा होता. हातानं पंखे चालवायचा स्विचही मीच काढायला लावला होता.

चालू असलेल्या साध्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. प्रोसेस म्हणजे एक बंद चेंबर समजा. त्यातले घड सडले तरी शेजारच्या चेंबरला झळ लागत नाही. प्रोसेस पडली तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तिची आवराआवर करतो आणि ती पुन्हा चालू करता येते. कर्नल मॉड्यूल म्हणजे त्या गाभ्यातच बसणारा कोड. सगळ्या चेंबरची वीज जिथून जाते, त्या खोलीत. तिथं मध्ये भिंत नाही. तिथली एक चूक अख्खं मशीन आडवं करते.

मिनिटातून एकदा तापमान वाचायला प्रोसेस पुरली असती. मी मॉड्यूल लिहिलं. 'थेट कर्नलमध्ये टाकलंय' असं मालकांना ऐकवायचं होतं.

लॉगच्या शेवटी, मशीन अडकलं तिथं, माझ्याच मॉड्यूलचं नाव होतं. वेळ, कांबळेताईंच्या फोनच्या पंधरा मिनिटं आधीची. नंतर मशीन उठेना, कारण सुरू होतानाच माझं मॉड्यूल परत आत शिरत होतं.

"काय निघालं?" मालकांनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. वायर ओढल्यावर काहीही होऊ शकतं."

कांबळेताईंनी डब्याची पिशवी उचलली. "सर, फोन तर तुम्हीच उचलला होता की."

मी लॉग बंद केला. त्यांची सात वर्षांची नोकरी त्याच दिवशी गेली.

पुढच्या आठवड्यात तोच कोड मी गुपचूप प्रोसेस म्हणून लिहिला. आतापर्यंत तो तीनदा पडलाय. दोन सेकंदांत परत उठतो, कुणाला कळतही नाही.

चुका होणारच. आपल्या चुकीबरोबर आणखी कोण खाली जाणार, हे मात्र आपणच ठरवतो. मी ते दोनदा ठरवलं: कोड लिहिताना आणि मालकांना उत्तर देताना. त्यातलं पहिलंच दुरुस्त झालंय.